गौतमीची मुलाखत

मुलाखत कशी द्यायची, हे मेडशीच्या लिलाबाईला कोणी शिकवलं नव्हतं. मॅट्रिकच्या पुस्तकांत तो धडा नव्हता. असता तर बरं झालं असतं, कारण बाकीचे सगळे धडे तिला तोंडपाठ होते आणि त्यातला एकही पुढं कामाला आला नाही.

तिचा नवरा देवमन जाऊन दोन वर्षं होत आली होती. कावीळ झाली, ती त्यानं अंगावर काढली, मग झाडपाल्याचं औषध घेतलं, आणि अकोल्याच्या दवाखान्यात नेईपर्यंत सगळं आटोपलं. मागं राहिली लिलाबाई, एक मातीची खोली आणि गौतमी. गौतमीला आता सहावं लागलं होतं. लिलाबाई सकाळी ग्रामपंचायतीच्या बालवाडीत लोकांची पोरं सांभाळायची, दुपारी लोकांच्या वावरात निंदायला जायची, आणि तिची स्वतःची पोर सांभाळायची देवमनची म्हातारी चुलती, विमलबाई. सांभाळायची म्हणजे काय, म्हातारीच्या एका डोळ्यात मोतीबिंदू आणि दुसऱ्यात उतरायच्या बेतात. खरं सांगायचं तर पोरच म्हातारीला सांभाळायची.

अशात संक्रांतीच्या सुमाराला अनसिंगहून लिलाबाईचा भाऊ इंद्रभान आला. माणूस वाईट नव्हता. बहिणीसाठी जीव तुटायचा त्याचा. पण जीव तुटतो म्हणून माणसाला अक्कल येते असं थोडंच आहे!

"हे पाय लिले," तो चहा फुंकत म्हणाला, "आसेगावले एक माणूस हाय. बिजवर हाय, दोन पोट्टे हायेत त्याले, पन सोताचं वावर हाय. तुले करून घ्याले तयार हाय."

"अन् गौतमी?"

"तिले नाही म्हनते तो. ती राहीन आमच्याकडं. तिची मामी पाहीन."

मामीला स्वतःची पाच होती आणि सहावं वाटेवर होतं. लिलाबाईनं पोरीकडं पाहिलं. ती दारात बसून विमलबाईच्या सुईत दोरा ओवून देत होती.

"मले आखाजीलोक टाइम दे, दादा," ती म्हणाली. "मॅट्रिक झालेली हाव मी. अकोल्याले नाव नोंदवलं हाय. नौकरी लागली त पोरीले घेऊन मी माही राहीन."

"लागली त मंग मी कायले बोलतो? पन नाही लागली, त आखाजीच्या दुसऱ्या दिवशी मी दोघींलेबी न्याले येतो."

झालं. अक्षय्यतृतीयेपर्यंतचे तीन महिने हातात, आणि पणाला लागलेली पोर. लिलाबाईच्या मुलाखती सुरू झाल्या त्या अशा.

पहिली मुलाखत सरकारी. एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजचं कार्ड आलं, ग्रामसेवकांच्या जागांसाठी. अकोल्याला हिरव्या कापडाच्या टेबलामागं पाच साहेब ओळीनं बसले होते. एकानं नद्या विचारल्या, एकानं राष्ट्रीय फूल विचारलं, एकजण नुसताच पेन्सिलीला टोक काढत होता. लिलाबाईची सगळी उत्तरं बरोबर आली. मग मधल्या साहेबानं चष्मा पुसत विचारलं, "लहान मुलगी आहे म्हणता. ही सरकारी नोकरी आहे, बाई. एकदा चिकटलात की अठ्ठावन्न वर्षांचं होईस्तोवर कोणी हात लावत नाही. पण दौरे असतात. दौऱ्यावर गेलात की मुलगी कुठं?"

"सोबत नेईन, साहेब."

पाचही साहेब हसले. वाईट हसले नाहीत, पण हसले. बाहेर तिच्या आधी एक बाप्या मुलाखत देऊन आला होता. तीन लेकरांचा बाप. त्याला लिलाबाईनं मुद्दाम विचारलं, तर त्याला कोणी लेकरांचं विचारलं नव्हतं. नद्या विचारल्या होत्या फक्त. अकोल्याहून पुढं काही पत्र आलं नाही.

दुसरी मुलाखत खासगी. तालुक्याच्या गावी एका संस्थेच्या शाळेत खालच्या वर्गांसाठी बाई पाहिजे होती. संस्थेचे अध्यक्ष माणिकराव मुलाखत घरच्या ओसरीवरच घ्यायचे, पान लावता लावता. त्या दिवशी विमलबाईला ताप होता, म्हणून लिलाबाई पोरीला कडेवर घेऊन गेली. तिथं नद्याबिद्या काही नाही. "कोनाचं मानूस तुमी?" एवढाच प्रश्न. लिलाबाईला कळेना. ती म्हणाली, "मी माहीच हाव." माणिकरावांना कोणाची तरी चिठ्ठी पाहिजे होती. तेवढ्यात गौतमी खणखणीत आवाजात बोलली, "माय, ह्ये आजोबा तुले ठेवून राह्यले का नाही? मले भूक लागली."

ओसरी खदखदून हसली. माणिकरावांनी पोरीच्या हातावर गूळ-शेंगदाणे ठेवले, गालगुच्चा घेतला, "मोठी चाट हाय बरं पोट्टी!" म्हणून तोंडभर कौतुक केलं, आणि जागा चिठ्ठीवाल्या बाईला दिली. पोरीला गूळ, मायला वाटाण्याच्या अक्षता.

येताना गौतमीनं विचारलं, "माह्यानं झालं का, माय?"

"नाही वं बाई. तुह्यानं काहून होईन?" लिलाबाई म्हणाली. पण पोर ऐकून घेणाऱ्यातली नव्हती. ती एस.टी.त मेडशी येईपर्यंत तोंड गच्च मिटून बसली. उरलेला गूळसुद्धा तिनं खाल्ला नाही.

अशा तऱ्हेनं लिलाबाई शिकत गेली. सरकारी मुलाखतीत खरं सांगितलं की नापास, खासगी मुलाखतीत पोर दिसली की नापास. म्हणून ग्रामपंचायतीत आलेल्या पेपरात वाशीमची जाहिरात दिसली, तेव्हा तिनं मनाशी काय ते ठरवून टाकलं. एका ट्रस्टच्या मुलींच्या वसतिगृहासाठी अधीक्षिका पाहिजे होती. मॅट्रिक पास. वसतिगृहातच राहणं आवश्यक. आणि शेवटची ओळ अशी, की मुलाबाळांची जबाबदारी नसलेल्या स्त्रीचाच विचार होईल.

मॅट्रिकचं सर्टिफिकेट लग्नाआधीचं, माहेरच्या नावाचं होतं: लिला रामराव सरकटे. तिनं अर्जही त्याच नावानं केला. कागदावर देवमन नव्हता, मेडशी होती ती पत्त्यापुरती, गौतमी तर नव्हतीच. अर्ज वाचताना तिला वाटलं, ही बाई कोणीतरी वेगळीच आहे आणि बिचारी अगदी एकटी आहे.

वाशीमला बारा वाजता बोलावलं होतं. बारा वाजता सात बाया व्हरांड्यात येऊन बसल्या, आणि बसल्याच. एक वाजला, तीन वाजले. आत कमिटी केव्हा बसणार, कोणी सांगेना. एक बाई सामान्यज्ञानाचं पुस्तक पाठ करत होती, दुसरी पदराची इस्त्री मोडू नये म्हणून ताठ बसली होती. वार्षिक परीक्षा झालेल्या पंधरा-वीस पोरी अंगणात धुडगूस घालत होत्या. कोपऱ्यात एक गोरी, जाड भिंगाच्या चष्म्याची म्हातारी सुपात तूर घेऊन निवडत बसली होती. इस्त्रीवाल्या बाईनं तिला दोनदा पाणी मागितलं. म्हातारीनं माठाकडं बोट दाखवलं आणि पुन्हा खडे वेचायला लागली.

चारच्या सुमाराला एक पोरगी लिलाबाईच्या पुढ्यात येऊन उभी राहिली. आठ-नऊ वर्षांची, डोक्याचं नुसतं घरटं झालेलं, हातात लाल फीत.

"वेनी घालता येते का तुमाले?"

लिलाबाईनं काही विचार केला नाही. हातांना सवय होती. पोरीला पायांत धरून बसवलं, बोटांनीच गुंता सोडवला, पदरानं तिचं नाक पुसलं, आणि घट्ट दोन वेण्या घालून वर फितीची फुलं काढली. फुलं पाहून दुसरी आली, मग तिसरी. तासाभरात अंगणात रांग लागली. एवढ्या वेळात लिलाबाई मुलाखत विसरून गेली होती. सकाळपासून पहिल्यांदा तिला बरं वाटत होतं.

साडेपाचला ट्रस्टचे अध्यक्ष कस्तुरचंद शेठ लगबगीनं आले. जैन माणूस, नेमाचा पक्का; सूर्य बुडाल्यावर पाण्याचा घोटही घ्यायचा नाही. म्हणजे सात बायांची मुलाखत आणि शेठचं जेवण, दोन्ही उजेड आहे तोवर उरकायचं होतं. शेठ एका डोळ्यानं उमेदवार पाहत होते आणि एका डोळ्यानं खिडकीतलं ऊन. लिलाबाईचा नंबर शेवटचा. ती आत गेली तर शेठच्या शेजारच्या खुर्चीवर तूर निवडणारी म्हातारी बसलेली! ह्या पानाबाई. कमिटीवरच्या एकुलत्या एक बाई.

"नाव?"

"लिला रामराव सरकटे."

"नवरा?"

"वारले."

"मूलबाळ?"

एस.टी.त तिनं हे उत्तर चाळीस वेळा म्हणून पाहिलं होतं. मेडशीला ह्या वेळी गौतमी काय करत असेल? विमलबाईच्या चुलीत फुंकर घालत असेल.

"नाही," ती म्हणाली.

"एकही नाही?"

"नाही जी."

"चांगलं," शेठ उठलेच. "आधीच्या बाईनं आपल्या पोरांना आणून ठेवलं होतं. पोरींच्या नावचं दूध त्यांच्या पोटात जायचं. म्हणून तसा ठरावच केला आम्ही. बरं, या."

ती बाहेर आली, चपला शोधायला लागली, तर मागून पानाबाई आल्या.

"वेण्या कोनाच्या घालते तू घरी?"

"बहिनीच्या."

"केवढी हाय बहीन?"

"सहा..." लिलाबाई बोलून गेली.

"अन् तू सव्वीस-सत्तावीसची. तुह्या मायनं लय दमानं घेतलं म्हनायचं!" पानाबाईंनी चष्म्यावरून तिच्याकडं पाहिलं. लिलाबाईनं मान खाली घालून चपला पायांत सरकवल्या. पण म्हातारी एवढंच म्हणाली, "जाय बाई, गाडी चुकन तुही. माहंबी जेवन राह्यलं."

म्हणजे खरी मुलाखत व्हरांड्यात होती. बारापासून साडेपाचपर्यंत. आणि आतली ती नुसती सही होती. लिलाबाईला हे बस मालेगावच्या पुढं आल्यावर उमगलं, आणि मग ती घाबरली. व्हरांड्यातली मुलाखत ती माय म्हणून पास झाली होती, आणि आतली माय नाही म्हणून.

आखाजीच्या आठ दिवस आधी नेमणुकीचं पत्र आलं. पोस्टमननं हाक मारून दिलं, शेजारपाजार गोळा झाला. वयाची अठ्ठावन्न वर्षं पूर्ण होईपर्यंत नेमणूक, राहायला एक खोली, आणि खाली ठळक अक्षरांत: अधीक्षिकेस कुटुंबातील कोणासही वसतिगृहात ठेवता येणार नाही. इंद्रभानला निरोप गेला. तो पेढे घेऊन आला. पत्र त्यानं दोनदा वाचून घेतलं आणि डोकं खाजवलं.

"म्हंजे नौकरी लागली. लय मस्त झालं. पन पोट्टी त शेवटी आमच्याकडंच येते ना मंग?"

आता बोला! ज्या पोरीसाठी सगळा आटापिटा केला, ती पोर नोकरी लागली नसती तरी मामीकडं जाणार होती आणि लागली म्हणूनही मामीकडंच जाणार होती. लिलाबाईनं हातातला पेढा परत पुड्यात ठेवला.

दुसऱ्या दिवशी पत्र परत करायला म्हणून ती वाशीमला गेली, ती थेट पानाबाईंच्या घरी. म्हातारी ओट्यावर बसून तूरच निवडत होती. किती तूर निवडायची माणसानं!

"मले हे नको," लिलाबाईनं पत्र पुढं केलं.

"काहून?"

"मी खोटं बोलली. मले पोरगी हाय."

"मले त्याच दिवशी समजलं. ताकाले आली अन् गाडगं लपवून राह्यली." पानाबाईंनी पत्राला हात लावला नाही. "नाव काय तिचं?"

"गौतमी." एवढं एक नाव घेतलं आणि लिलाबाईला रडू फुटलं. परक्या ओट्यावर, भर दुपारी, पदर तोंडात कोंबून ती रडली. पानाबाईंनी तिला रडू दिलं.

"शेठले सांगाल का तुमी? तुमचं ऐकतीन ते."

"नाही ऐकत. ठरावाचा मानूस हाय तो. देव जरी आला त म्हनन, ठराव दाखवा." म्हातारीनं एक खडा वेचून अंगणात भिरकावला. "पन दुसराबी एक ठराव हाय. जूनमंधी नव्या पोरी भरती होतेत. मायबाप नसलेल्या पोरीले पैली जागा. ठरावाले ठरावच कापते, बाई."

लिलाबाईनं डोळे पुसले. "पन तिले त माय..."

"मी काई बोलली नाही," पानाबाई म्हणाल्या. "मी तूर निवडून राह्यली."

छापील अर्ज लिलाबाई येतानाच घेऊन आली. विद्यार्थिनीचं नाव, गाव, पालक. पालकाच्या जागी विमलबाई पडघान, नातं आजी, अंगठा. मग दोन ओळी. वडील: हयात / मयत. आई: हयात / मयत. नको असेल ते खोडा, असं कंसात लिहिलेलं. वडिलांच्या ओळीत तिचा हात सरळ चालला. आईच्या ओळीपाशी टाक थांबला. मग तिनं हयातवर एक रेघ ओढली. रेघ वाकडी आली, म्हणून तिच्यावर दुसरी ओढली. मॅट्रिकला चांगलं अक्षर म्हणून बक्षीस मिळालेल्या बाईनं स्वतःच्या हातानं स्वतःला खोडून टाकलं.

विमलबाईनं अंगठा उठवला. तिला वाचता येत नव्हतं, पण सांगितल्यावर ती म्हणाली, "चांगलंच हाय. जित्या मानसाले मेलं म्हटलं का आयुष्य वाढते त्याचं." लिलाबाईला असं वाढीव आयुष्य नको होतं. पण हौसेनं कोण मागतं?

मग वैशाखाच्या उन्हात, दार लोटून घेऊन, चौथी मुलाखत सुरू झाली. ही लिलाबाई घेणार होती आणि गौतमी देणार होती.

"नाव काय?"

"गौतमी देवमन पडघान."

"गाव?"

"मेडशी."

"बाप?"

"वारले."

"माय?"

पोर खुदकन हसली. "हे काय बसली!"

"असं नाही म्हनायचं, गौते. मी सांगतलं ना तुले. तिथी मी माय नाही, मी बाई. पुन्ना. माय?"

दुसऱ्या दिवशीही पोर हसली. तिला तो खेळ वाटला. तिसऱ्या दिवशी लिलाबाईनं तिला जवळ घेऊन नीट सांगितलं. तू चुकलीस तर मला काढून टाकतील. मग तू अनसिंगला आणि मी आसेगावला. गौतमी ऐकत होती. गूळ हातात धरून एस.टी.त बसली होती ना, तसंच तोंड तिनं मिटलं. मग स्वतःच म्हणाली, "इचार."

"माय?"

"माय मेली."

ह्या खेपेला ती हसली नाही. आवाज कापला नाही, काही नाही. लिलाबाईला वाटलं होतं ती थोडी तरी अडखळेल.

"कवा मेली?" तिनं उगीच विचारलं. हा प्रश्न ठरलेला नव्हता.

"मी लहान होती तवा."

लिलाबाई पाणी आणायला म्हणून बाहेर गेली आणि भिंतीला डोकं टेकवून उभी राहिली. घागर तिनं घरातच विसरली होती. गौतमी ती घागर घेऊन मागं आली, मायच्या पायाशी ठेवली आणि परत आत गेली.

जूनमध्ये भरतीच्या दिवशी विमलबाई गौतमीला घेऊन वाशीमला आली. टेबलामागं कस्तुरचंद शेठ, पानाबाई, आणि रजिस्टर घेऊन नव्या अधीक्षिका. रजिस्टर भरायचं म्हणजे प्रश्न विचारायचे ते अधीक्षिकेनंच. लिलाबाईनं मान खाली घालून विचारलं. नाव? गाव? वडील? पोर पटापट उत्तरं देत होती. तिनं मायकडं एकदाही पाहिलं नाही.

"आई?"

"माय मेली," गौतमी म्हणाली. "मी लहान होती तवा. मले तिचं तोंडबी याद नाही."

हे शेवटचं तिनं मनानं घातलं होतं. विमलबाईनं डोळ्याला पदर लावला, तो खराच लावला. पानाबाई खिडकीबाहेर पाहायला लागल्या. आणि कस्तुरचंद शेठ, ज्यांना जगात ठरावाशिवाय काही दिसत नाही असं सगळे म्हणायचे, ते खुर्चीवरून उठले आणि त्यांनी पोरीच्या डोक्यावरून हात फिरवला.

"बाई," ते लिलाबाईला म्हणाले, "हिच्याकडं जरा जास्त लक्ष द्या. बिनआईची आहे."

"हो जी," लिलाबाई म्हणाली, आणि तिनं रजिस्टरात मयत असं लिहिलं.

तर असं मायलेकीचं एका छपराखाली राहणं सुरू झालं. पोर मामीकडं गेली नाही, माय आसेगावला गेली नाही. जे मागितलं होतं ते मिळालं होतं. पोटभर जेवत होती पोर, शाळेत जात होती, पाढे म्हणत होती. लिलाबाईची खोली एका टोकाला आणि पोरींचा हॉल दुसऱ्या टोकाला, मध्ये व्हरांडा. त्या व्हरांड्यात रोज सकाळी वेण्यांची रांग लागायची. चाळीस पोरी. गौतमी कधी विसावी, कधी तिसावी. लिलाबाई आपली वाट पाहायची तिच्या नंबराची. नंबर आला की तेच लहान, कानामागं तीळ असलेलं डोकं हातात यायचं, आणि दोन वेण्यांना जेवढा वेळ लागतो तेवढाच वेळ हातात राहायचं. जास्त वेळ धरता येत नव्हतं. मागच्या पोरी ओरडायच्या, "बाई, लवकर!"

पहिल्या महिन्यात गौतमी वेणी झाल्यावर क्षणभर पाठ टेकवून बसायची. कोणाला कळणार नाही इतकंच. पुढं तेही थांबलं. "झालं का, बाई?" म्हणायची आणि उड्या मारत जायची. लिलाबाई फणीत राहिलेले केस काढून टाकायची आणि म्हणायची, "चाल, कोनाचा नंबर?"

एकदा एका मोठ्या पोरीनं वेणी घालता घालता विचारलं, "बाई, तुमाले लेकरं नाहीत का वं?"

लिलाबाई उत्तर जुळवत होती, तेवढ्यात रांगेतून गौतमीचा आवाज आला.

"नाही. बाईले कोनीच नाही."

इतकं पक्कं उत्तर लिलाबाईला स्वतःला शेठपुढंही देता आलं नव्हतं. त्या दिवशी तिच्या हातून तीन पोरींच्या वेण्या वाकड्या झाल्या.

तिला वाटायचं, दिवाळीची सुटी येऊ दे. सुटीत वसतिगृह बंद. घर आपलं, दार आपलं, पोर आपली. ती बोटांवर दिवस मोजायची, एवढी मॅट्रिक झालेली बाई.

सुटी लागली. एस.टी.तही दोघी वेगळ्या बसल्या, कारण पुढच्या बाकावर वसतिगृहातली एक पोर होती. ती मालेगावला उतरली तरी गौतमी आपल्या जागेवरून उठली नाही. मेडशीला उतरून दोघी घरी आल्या. विमलबाईनं भाकरी केली होती, भुईमुगाच्या शेंगा उकडल्या होत्या. गौतमी विमलबाईच्या गळ्यात पडली, "आजी, आजी" करत तिला घरभर फिरवलं. मायला मात्र ती कसलीच हाक मारत नव्हती. काही पाहिजे असलं की समोर येऊन उभी राहायची.

एक दिवस गेला, दोन गेले. तिसऱ्या दिवशी सकाळी लिलाबाई तिची वेणी घालायला बसली. रांग नाही, घाई नाही. तिनं मुद्दाम हळूहळू फणी फिरवली. एक वेणी झाली, मोडली, परत घातली.

"गौते, इथी कोनी नाही आता. म्हन ना."

"काय?"

"माय म्हन."

गौतमी उठली. अर्धी वेणी तशीच लोंबत. दाराशी गेली, बाहेर डोकावली, दार लोटलं, कडी लावली. लिलाबाईला वाटलं, आता म्हणते. ती दोन्ही हात पुढं करून बसली होती.

पोर परत येऊन पाठमोरी बसली आणि मान हलवली.

"नाही. इथी म्हटलं त तिथी तोंडातून निंगन. मंग शेठ तुमाले काढून टाकतीन."

तुमाले म्हणाली ती. आईला कोणी तुम्ही म्हणतं का आमच्याकडं? मेडशीत मायला तू म्हणतात, देवाला तू म्हणतात. लिलाबाईनं पुढं केलेले हात मागं घेतले.

"एकडाव म्हन वं. हळू म्हन."

"नाही ना, बाई." मायला वाईट वाटलं हे तिला कळलं होतं, आणि त्यावर काय करावं याचा ती विचार करत होती. मग तिनं विचारलं, "तुमची नौकरी कवालोक हाय?"

"अठ्ठावन्न वर्साची होईलोक."

"मंग तवा म्हनीन," गौतमी समजूत घालत म्हणाली, आणि दुसऱ्या वेणीसाठी फीत मागं केली.

लिलाबाईनं फीत घेतली. तिला त्या महिन्यात सत्ताविसावं लागलं होतं.